आठवीत जर्मन घेऊ की संस्कृत?

सातवीचा निकाल लागला, की पुण्या-मुंबईतल्या अनेक शाळांमधून एक कागद घरी येतो. ‘तिसरी भाषा’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे तीन-चार चौकोन: हिंदी, संस्कृत, जर्मन, फ्रेंच. एकावर खूण करायची आणि कागद परत द्यायचा. मग फोनाफोनी सुरू होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाला जर्मनमध्ये शंभरापैकी सत्त्याण्णव मिळालेले असतात. आजोबांना वाटतं, संस्कृत सुटू नये. वडिलांच्या ऑफिसातलं कुणीतरी म्युनिकला गेलेलं असतं. आणि ज्याला तीन वर्षं त्या वर्गात बसायचं आहे, त्याला फक्त मित्रांनी काय घेतलं एवढंच हवं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणती भाषा, हा या निर्णयातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. ती कोण शिकवणार आणि दहावीनंतर ती चालू राहणार का, या दोन प्रश्नांवर जवळजवळ सगळं ठरतं. असं का, ते एकेक गाठ सोडवत पाहू.

१. मुळात जागा एकच

शाळेत तीन भाषा असतात म्हणून तिन्हींची निवड आपल्या हातात आहे असं वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, मग शाळा कोणत्याही मंडळाची असो. इंग्रजी कुणीच सोडत नाही. उरते ती एक जागा. तिच्यासाठी हिंदी, संस्कृत आणि परकीय भाषा यांच्यात चढाओढ असते. म्हणजे जर्मन घेणं याचा अर्थ बहुतेक घरांत ‘हिंदी किंवा संस्कृत न घेणं’ असाच असतो, आणि या बाजूचा विचार फार कमी पालक करतात.

या एका जागेवरही धोरणाची सावली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्यावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषा शिकण्याची मुभा आहे. (आधीच्या मसुद्यात चिनीचंही नाव होतं. अंतिम धोरणातून ते गळलं.) मात्र त्याच धोरणात तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात असंही म्हटलेलं आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नववी-दहावीसाठी तेच कायम ठेवलं. या चौकटीत इंग्रजी ही भारतीय भाषांत मोडत नाही. त्यामुळे मराठी, इंग्रजी आणि जर्मन हे त्रिकूट तिच्यात बसत नाही. जर्मन हवी तर ती चौथी भाषा म्हणून घ्यावी लागेल. राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हे त्रिकूट आजवर सर्रास चालत आलं आहे. नवा अभ्यासक्रम कुठल्या इयत्तेपर्यंत पोचला आहे हे मंडळानुसार बदलतं, म्हणून पहिला प्रश्न शाळेच्या कार्यालयात विचारायचा: हा विषय दहावीच्या गुणपत्रिकेवर येणार का?

२. ‘स्कोअरिंग’ म्हणजे नक्की किती?

परकीय भाषा घेण्याचं सर्वांत मोठं कारण लोक उघडपणे सांगतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जर्मन ‘स्कोअरिंग’ आहे म्हणतात. ती का, हेही सरळ आहे. अभ्यासक्रम शून्यापासून सुरू होतो. दहावीच्या पेपरात एक उतारा, थोडं व्याकरण, एखादं पत्र किंवा संवाद आणि भाषांतर असं ठरलेलं वळण असतं. मराठीत निबंधाचे गुण शिक्षकागणिक बदलतात. जर्मनमध्ये क्रियापदाचं रूप बरोबर असतं किंवा चूक. संस्कृतचंही नेमकं हेच आहे, म्हणून ‘स्कोअरिंग’च्या स्पर्धेत जर्मन आणि संस्कृत बरोबरीत सुटतात.

आता या फायद्याची किंमत आकड्यात पाहू. राज्य मंडळात भाषेला ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात. एक काल्पनिक गुणपत्रिका घ्या: मराठी ८२, इंग्रजी ७६, जर्मन ९१, गणित ८८, विज्ञान ८५, सामाजिक शास्त्रे ७९. सर्वांत कमी गुणांची इंग्रजी गळते, उरलेल्या पाचांची बेरीज ४२५, म्हणजे ८५ टक्के. आता जर्मनच्या जागी हिंदी ठेवा आणि तिच्यात ८० गुण धरा. बेरीज ४१४, म्हणजे ८२.८ टक्के. फरक सव्वादोन टक्क्यांच्या आतला.

अकरावीच्या प्रवेशयादीत सव्वादोन टक्के म्हणजे थोडे नव्हेत, हे मान्य. पण त्यांचा उपयोग एका जून महिन्यापुरता असतो. आणि ज्या मुलाला व्याकरणाची रूपं पाठ करायचा कंटाळा आहे, त्याला जर्मनमध्ये ९१ पडणारच नाहीत. हिंदी त्याच्या कानावर रोज पडते. तिथे त्याला अभ्यास न करता ७५ मिळतील. काकूंच्या मुलाचे सत्त्याण्णव हे त्या मुलाचे आहेत, जर्मनचे नव्हेत.

३. तीन वर्षांत भाषा किती येते?

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

भाषा ‘येते’ किंवा ‘येत नाही’ असं आपण बोलतो. परीक्षा घेणाऱ्या संस्था तसं म्हणत नाहीत. युरोप परिषदेने २००१ मध्ये सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ वर माणूस स्वतःची ओळख करून देतो, भाव विचारतो, घड्याळातली वेळ सांगतो. ए२ वर तो दुकान, दवाखाना, स्टेशन एवढं निभावून नेतो. बी१ वर प्रवासात अचानक अडचण आली तरी मार्ग काढतो, स्वतःचं मत दोन वाक्यांत मांडतो. बी२ वर त्या भाषेत काम करता येतं, वर्तमानपत्र वाचता येतं. सी१ वर विद्यापीठातलं व्याख्यान कळतं. सी२ हे जवळजवळ मातृभाषिकाचं प्रभुत्व. जपानीचं माप वेगळं आहे: एन५ पासून एन१ पर्यंत, आकडा जितका लहान तितकी पातळी वरची.

या पायऱ्या चढायला किती वेळ लागतो? आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन या नावाने ओळखली जाणारी गोएथे इन्स्टिट्यूट ४५ मिनिटांच्या तासिकांत अंदाज देते. शून्यापासून धरल्यास ए२ पूर्ण व्हायला साधारण २०० ते ३५० तासिका, बी१ ला ३५० ते ६५०, बी२ ला ६०० ते ८००.

आता शाळेचा हिशेब मांडू. आठवड्याला ३५ मिनिटांच्या चार तासिका धरा. स्नेहसंमेलन, सहामाही, सुट्ट्या, क्रीडादिन वजा केले तर वर्षात जेमतेम ३२ आठवडे शिकवणं होतं. ३५ गुणिले ४ गुणिले ३२ म्हणजे ४४८० मिनिटं, सुमारे ७५ तास. आठवी ते दहावी तीन वर्षांत २२५ तास. ४५ मिनिटांच्या मापात त्या ३०० तासिका झाल्या. कागदावर आपलं मूल ए२ च्या टप्प्यात पोचलं.

प्रत्यक्षात बहुतेक मुलं ए१ च्या वरच्या बाजूला घुटमळतात. पहिलं कारण असं, की गोएथेचा अंदाज पंधरा-वीस जणांच्या, बोलत्या वर्गावर बेतलेला असतो. शाळेत चाळीस-पन्नास मुलं असतात आणि पस्तीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं वाक्यही येत नाही. दुसरं कारण विसरण्याचं. भाषेचा वर्ग म्हणजे पाझरणारा माठ. आठवड्यातून चार वेळा थोडंथोडं पाणी ओतायचं, आणि मेच्या सुट्टीत दीड महिना काहीच ओतायचं नाही. आठवड्याला चार तासिकांनी माठ भरतो खरा, पण पाझर वजा जाता उरतं ते हिशेबापेक्षा कमी. रोज पंधरा मिनिटं ऐकणारा मुलगा आठवड्यातून एकदा दोन तास बसणाऱ्यापेक्षा पुढे जातो, त्याचं कारण हेच.

आणि बाहेरचे दरवाजे कुठल्या पायरीवर उघडतात? जर्मनीत आउसबिल्डुंग, म्हणजे कारखान्यात किंवा रुग्णालयात काम करत घ्यायचं व्यवसायशिक्षण, त्यासाठी साधारण बी१ लागते. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला बी२. जर्मनीतले पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन माध्यमातून चालतात आणि तिथे बी२-सी१ शिवाय उभं करत नाहीत. पदव्युत्तर पातळीवर मात्र इंग्रजीतले अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं ही गोष्ट खरी आहे, पण तिलाही अपवाद आहे: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १५०० युरो घेतं. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला तो याच राज्याशी. जपानने एप्रिल २०१९ पासून कुशल कामगारांसाठी जो नवा व्हिसा सुरू केला, त्याची भाषेची अट बहुतेक क्षेत्रांत एन४ पातळीची आहे.

म्हणजे दहावीपर्यंतची शाळेतली भाषा यातला एकही दरवाजा एकटी उघडत नाही. ती फार तर पहिल्या दोन पायऱ्या चढवते. तिसरी आणि चौथी पायरी अकरावीनंतर, बहुतेक वेळा पैसे भरून, बाहेरच्या वर्गात चढावी लागते. अकरावी-बारावीत जर्मन किंवा फ्रेंच पुढे घेता येते, पण विज्ञान शाखेतली पुष्कळ मुलं तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतात आणि तिथेच तीन वर्षांची कमाई विरून जाते. सीईटी आणि जेईईच्या शिकवण्या सुरू असताना भाषा चालू ठेवणारं मूल विरळा. पालकांनी आठवीतच विचार करायला हवा तो या दोन वर्षांचा.

४. तेराव्या वर्षी उशीर झाला का?

नाही. लहान मुलं भाषा पटकन उचलतात हे घरात, अंगणात, दिवसभर ती भाषा कानावर पडत असेल तर खरं. वर्गातली गोष्ट उलटी आहे. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या पुढाकाराने झालेल्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की शाळेत तितक्याच तासिका मिळाल्या तर उशिरा सुरू करणारी मुलं लहानांपेक्षा वेगाने पुढे जातात. त्यांना नियम समजतात, आपलं काय चुकतंय ते कळतं. २०१८ मध्ये हार्टशोर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकून राहते असा त्यांचा निष्कर्ष होता. आठवीतल्या मुलाकडे भरपूर वेळ आहे. उच्चार मात्र लहानपणी सोपे जातात, त्यामुळे सुरुवातीचे सहा महिने ऐकण्यावर जोर हवा.

५. मराठी मुलाकडे आधीच काय आहे

परकीय भाषांबद्दलची पुस्तकं बहुधा इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याची एक यादी जगभर फिरते. तिच्यात फ्रेंच-स्पॅनिश सोप्या, जर्मन थोडी अवघड, जपानी-कोरियन-चिनी-अरबी सर्वांत अवघड. शेवटच्या गटाला सुमारे २२०० तास. ही यादी इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांची आहे. नाशिकच्या मुलीला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. तिची सुरुवात दुसरीकडून होते.

जर्मन पाहा. इंग्रजी भाषकाला तिची तीन लिंगं छळतात. ‘डेअर’ पुल्लिंगी, ‘डी’ स्त्रीलिंगी, ‘दास’ नपुंसकलिंगी. मराठी मूल जन्मापासून तो, ती, ते करत आलेलं असतं. वस्तूला लिंग असतं ही गोष्ट त्याला समजावून सांगावी लागत नाही. हिंदी भाषकाला तिसरं लिंग नवं असतं, मराठीला तेही नाही. जर्मनमध्ये मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून सगळं जग हसतं. पण आपणही ‘ते पोरगं’, ‘ते लेकरू’ म्हणतोच. अर्थात कोणत्या शब्दाचं कोणतं लिंग हे दोन्ही भाषांत जुळत नाही. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, पण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. पाठांतर टळत नाही, गोंधळ टळतो.

आकडे घ्या. जर्मनमध्ये पस्तीस म्हणताना आधी पाच येतात, मग तीस. इंग्रजी भाषकाला हे उफराटं वाटतं. आपल्या ‘पस्तीस’मध्येही पाच आधी आणि तीस नंतर आहेत.

वाक्यरचनेत तर गंमतच आहे. ‘मला माहीत आहे, की तो उद्या पुण्याला जातो’ हे वाक्य घ्या. ‘की’पासून पुढचं जर्मनमध्ये असं होतं: दास एर मॉर्गन नाख पुणे फेअर्ट. शब्दाला शब्द लावा. की, तो, उद्या, पुण्याला, जातो. क्रियापद शेवटी. जर्मन शिकवणारे शिक्षक ही रचना समजावायला कित्येक तासिका घालवतात. मराठी वर्गात ते एका उदाहरणात व्हायला हवं. दुर्दैवाने पुष्कळ वर्गांत जर्मन इंग्रजीतून शिकवली जाते. मग मुलं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जर्मनमध्ये असा वळसा घालतात, आणि जी रचना त्यांच्या घरात होती तीच त्यांना परकी वाटते.

मुख्य वाक्यात मात्र जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी आणते, तिथे मराठीचा उपयोग नाही. आणि चार विभक्ती आहेत. संस्कृत शिकलेल्याला आठ विभक्तींची सवय असते, त्याला चार ऐकून बरं वाटतं.

आता तेच वाक्य जपानीत: वाताशि वा आश्ता पुने नि इकिमास. मी, उद्या, पुण्याला, जातो. ‘नि’ हा आपल्या ‘ला’सारखा नामाच्या मागे येतो. मराठी वाक्याचा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा. जपानीची हिरागाना ही लिपी अक्षरलिपी आहे, म्हणजे एक चिन्ह म्हणजे एक पूर्ण अक्षर. तिचा तक्ता आ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होतो आणि पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमाने जातात. हा क्रम ओळखीचा वाटला तर आश्चर्य नको. बौद्ध धर्माबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानात गेला, त्याचा ठसा या तक्त्यावर आहे. बाराखडी घोकलेल्या मुलाला हिरागानाची ४६ चिन्हं काही आठवड्यांत येतात.

मग जपानी सोपी का? बोलायला सुरुवात करणं सोपं. वाचणं नाही. हिरागानानंतर काताकाना, आणि त्यानंतर चिनी मुळाची कांजी चिन्हं. जपानमध्ये सर्वसाधारण वापरासाठी ठरवलेल्या कांजींची संख्या २१३६ आहे. शाळेच्या तीन वर्षांत त्यातली शंभर-दोनशे झाली तरी पुष्कळ. ज्या मुलाला चित्रं काढायला, गिरवायला आवडतं त्याला कांजी खेळ वाटतात. ज्याला लिहायचाच आळस आहे त्याला शिक्षा.

फ्रेंचबद्दल थोडक्यात. अनुनासिक स्वर आपल्याला जड जात नाहीत. लिंगं दोनच. तू आणि तुम्ही हा भेद आहे, तो जर्मनमध्येही आहे, आणि मुलांना तो आपोआप कळतो. अडचण स्पेलिंगची. शेवटची अक्षरं लिहायची आणि उच्चारायची नाहीत, हे देवनागरीत वाढलेल्या मुलाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. जर्मन मात्र बरीचशी लिहिल्यासारखी बोलतात. स्पॅनिशचंही तसंच.

६. मग संस्कृत सोडायची?

हा वाद नवा नाही. विनोबा भावे बडोद्याच्या शाळेत होते तेव्हा त्यांनी फ्रेंच घेतली होती. वडिलांचा ओढा आधुनिक शिक्षणाकडे, तर आईची इच्छा मुलाने संस्कृत शिकावं अशी होती. पुढे साबरमती आश्रमातून रजा घेऊन १९१७ मध्ये ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला गेले. शाळेत न घेतलेली संस्कृत त्यांनी अशी भरून काढली. प्रत्येक मूल विनोबा नसतं हे खरं. पण संस्कृत ही भाषा मराठी माणसाला तिशीत, पन्नाशीतही जवळ करता येते. शिकवणारे गावोगाव आहेत आणि अर्धे शब्द आधीच ओळखीचे असतात. गडचिरोलीत किंवा परभणीत चाळिशीत जपानी शिकवणारं कुणी शोधणं तितकं सोपं नाही.

उलट बाजूने, ज्याला भाषांच्या रचनेत रस आहे, इतिहास किंवा भारतीय भाषा पुढे शिकायच्या आहेत, त्याने आठवीत संस्कृतच घ्यावी. परकीय भाषा बारावीनंतर सुरू करूनही बी२ गाठता येते. दरवर्षी शेकडो तरुण तसं करतात. हिंदीला कमी लेखणं तर आपल्याकडे फॅशनच झाली आहे. बँकेत, रेल्वेत, केंद्राच्या नोकरीत किंवा पत्रकारितेत जाणाऱ्याला नीट लिहिता येणारी हिंदी जर्मनच्या ए२ पेक्षा कितीतरी जास्त वेळा उपयोगी पडेल.

७. शिक्षक कोण, आणि टिकणार का?

शाळांना परकीय भाषेची जाहिरात करायला आवडते. शिक्षक मिळवणं त्यांना जड जातं. पुण्यात हे तुलनेने सोपं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, मॅक्सम्युलर भवन आहे, आलियाँस फ्राँसेज आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यातल्या जर्मन कंपन्यांमुळे भाषेला मागणी आहे, त्यामुळे शिकणारे आणि शिकवणारे दोन्ही आहेत. मुंबईतही अशी सोय आहे. गोव्यात चित्र वेगळं: तिथल्या काही माध्यमिक शाळांत तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज आहे. १९६१ पूर्वीचे जमिनीचे आणि नोंदणीचे कागद त्या भाषेत आहेत आणि तिथला समान नागरी कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. पणजीत वकिली करू पाहणाऱ्या मुलाला जर्मनपेक्षा पोर्तुगीज जवळची. आसपास काय ऐकायला, वाचायला, वापरायला मिळतं ते आधी पाहावं, ते यासाठीच.

सोय असली तरी ती टिकेलच असं नाही. २०११ च्या करारानंतर देशभरच्या केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीत जर्मन तिसरी भाषा म्हणून शिकवली जाऊ लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने ती जागा काढून घेतली आणि संस्कृत किंवा दुसरी भारतीय भाषा आणली. शैक्षणिक वर्ष अर्ध्यावर होतं आणि सुमारे सत्तर हजार मुलं जर्मन शिकत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. धोरण म्हणून तो निर्णय योग्य की अयोग्य यावर मतं वेगळी असू शकतात. मुलांच्या बाजूने पाहिलं, तर वर्षाच्या मध्यावर भाषा बदलणं हा निव्वळ अन्याय होता. खासगी शाळेत असाच प्रकार लहान प्रमाणात घडतो: जर्मनच्या बाई नववीच्या दिवाळीत लग्न होऊन बंगळूरला जातात आणि जानेवारीपर्यंत वर्ग रिकामा राहतो.

म्हणून शाळेला काही गोष्टी आधी विचाराव्यात. शिक्षकांनी स्वतः कोणती पातळी उत्तीर्ण केली आहे? बी२ च्या खाली असतील तर विचार करावा. त्या शाळेत किती वर्षं आहेत? वर्गात किती मुलं? आणि गेल्या वर्षी दहावीतून बाहेर पडलेल्या मुलांपैकी कुणी ती भाषा पुढे चालू ठेवली का? या शेवटच्या प्रश्नावर मुख्याध्यापक थोडा वेळ गप्प राहिले, तर उत्तर मिळालं असं समजा.

८. मोबाईल भाषांतर करतो, मग कशाला?

फोनवरचं भाषांतर उत्तम झालं आहे आणि ते आणखी सुधारेल. मेनूकार्ड वाचायला, पत्ता विचारायला भाषा शिकायची गरज उरलेली नाही. पण व्हिसासाठीची, प्रवेशासाठीची आणि परवान्यासाठीची भाषेची परीक्षा माणसालाच द्यावी लागते, आणि रुग्णाशी बोलणाऱ्या परिचारिकेला खिशातून फोन काढून चालत नाही. उलट घरी बसून ऐकण्याचा सराव करायला तोच फोन फार कामाचा आहे.

९. खूण कुठे करायची

घरात दहावीनंतरही किमान दोन वर्षं ती भाषा चालू ठेवायची तयारी असेल, त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा दिसत असेल, आणि शाळेतले शिक्षक बरे असतील, तर परकीय भाषा जरूर घ्यावी. शाळेत दोन-तीन परकीय भाषा असतील तर ज्या भाषेचे शिक्षक चांगले ती घ्यावी. बाजारात कोणत्या भाषेची हवा आहे हे पाहू नये, ती हवा दर पाच वर्षांनी फिरते. ही तयारी नसेल तर संस्कृत किंवा हिंदी घ्यावी आणि हळहळू नये. केवळ गुणांसाठी जर्मन घेतलीत तर गुण कदाचित मिळतील, जर्मन मिळणार नाही.

परकीय भाषा घेतलीच, तर शाळेच्या गुणांवर विसंबू नका. गोएथेची ‘फिट इन डॉइच १’ ही ए१ ची परीक्षा दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच आहे. फ्रेंचसाठी शाळकरी मुलांची डेल्फ आहे. जपानीची परीक्षा पुण्या-मुंबईत जुलै आणि डिसेंबरात होते. या परीक्षांत ऐकून समजण्याची कसोटी लागते, आणि जर्मन-फ्रेंचच्या परीक्षांत बोलावंही लागतं. शाळेच्या लेखी पेपरात झाकलं जातं ते तिथे उघडं पडतं. नववीच्या अखेरीस मुलाला अशा एका परीक्षेला बसवा. अकरावीत भाषा पुढे न्यायची की नाही, याचा निर्णय त्या निकालावर घ्या.